आरशात छान दिसतं, पण गाडीवर? पुरुषांच्या कपड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात लक्ष्मी रोडला लागून एका बोळात आमचं आल्टरेशनचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. नवीन कपडे शिवणं आम्ही केव्हाच बंद केलं. लोकांनी दुसरीकडे घेतलेले कपडे त्यांच्या अंगाला बसवून द्यायचे, एवढाच धंदा. त्यामुळे कोण काय हौसेनं घेतं आणि त्यातलं काय महिन्याभरात पिशवीतून आमच्याकडे येतं, हे रोज दिसतं. काउंटरवर प्रश्नही तेच तेच येतात. भाचा म्हणाला, मामा, एकदा लिहून टाक, म्हणजे मला ट्रायल रूममधून फोन करायला नको.

शर्ट घेताना सगळ्यात आधी काय बघू?

खांदा. बाहीची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाच्या टोकाशी आली पाहिजे. दंडावर उतरली तर शर्ट मोठ्या भावाचा वाटतो, गळ्याकडे सरकली तर धाकट्याचा. बाकी बरंच काही सुधारता येतं: बाजू आत घेता येतात, घेर आणि बाही आखूड करता येते. खांद्याला हात घालायचा म्हणजे बाही उसवायची, मुंडा, म्हणजे बाही जोडायचा गोल, नव्यानं कापायचा, बाही पुन्हा बसवायची. मजुरी शर्टाच्या किमतीच्या आसपास जाते आणि एवढं करून मुंडा बिघडला तर तोंड दाखवायला जागा नाही. अशा गिऱ्हाइकाला मी सरळ सांगतो, बिल जपून ठेवलं असेल तर परत करून या.

मग कॉलर. वरचं बटण लावून मानेशी दोन बोटं सहज जायला हवीत.

आणि मग बसून बघा. हे कोणी करत नाही. ट्रायल रूममध्ये माणूस ताठ उभा राहतो, पोट आत घेतो, आरशात बघून खूश होतो. पुण्यातला माणूस मात्र निम्मा दिवस गाडीवर नाहीतर खुर्चीत बसलेला असतो. आमच्या दुकानात त्यासाठी एक बुटकं स्टूल ठेवलंय. त्यावर बसायचं आणि हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करायचे. कफ मनगटावरून चार बोटं वर पळाला, तर बाही आखूड आहे. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये कापड ताणलं, तर पाठ अरुंद आहे. पोटावरच्या दोन बटणांच्या मध्ये डोळा उघडला, तर एक साइझ वरचा घ्या आणि बाजू आमच्याकडून आत घेऊन जा. पँटचीही परीक्षा तिथेच होते. मागची कंबर खाली घसरत असेल, तर सिग्नलला मागे उभ्या असलेल्यांना जे दिसतं ते इथे लिहीत नाही.

शर्ट आत खोचायचा की बाहेर ठेवायचा?

ते शर्टालाच विचारा. खालचा काठ गोलाकार, पुढेमागे लांब असेल तर तो खोचायला शिवलेला आहे. काठ सरळ आणि लांबी मागच्या खिशाच्या साधारण मध्यापर्यंत असेल तर बाहेर. लांब शर्ट आवडला आणि बाहेरच घालायचाय, तर काठ कापून दोन इंच वर घेता येतो. आमच्याकडे येणारं सगळ्यात सोपं काम हेच, आणि फरकही सगळ्यात जास्त याच कामात दिसतो.

हिंजवडीत पहिली नोकरी लागली आहे. कॉलेजचे टी-शर्ट सोडून काही नाही. कुठून सुरुवात करू?

पँटपासून. मुलं शर्टांवर पैसे उडवतात आणि त्याखाली तीच एक निळी जीन्स रोज घालतात.

तीन पँट: एक नेव्ही ब्लू, एक मध्यम ग्रे, एक खाकी किंवा बदामी. पाच शर्ट: पांढरा, आकाशी, बारीक निळ्या रेघांचा, एक फिका गुलाबी किंवा पिस्ता, आणि एक गडद, तुमच्या आवडीचा. यातला जवळजवळ कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर जातो, म्हणजे साधारण पंधरा जोड्या झाल्या. सकाळी साडेसातची बस पकडायची असताना कपाटासमोर उभं राहून विचार करायचं काम नाही. एक तपकिरी बूट, त्याच रंगाचा बेल्ट, आणि पट्टीवर कसलंही ब्रीदवाक्य न लिहिलेलं साधं घड्याळ. पहिल्या तीन महिन्यांत याहून जास्त काही घेऊ नका. नोकरी लागली की बहुतेकांचं वजन वाढतं, ते कुठे थांबतं ते आधी कळू द्या.

जे पैसे वाचतील त्यातले थोडे फिटिंगला ठेवा. हा सल्ला आमच्या धंद्याचा आहे हे मान्य. तरी बेताच्या किमतीची, लांबी-कंबर नीट केलेली पँट महागड्या पण टाचेखाली लोळणाऱ्या पँटपेक्षा बरी दिसते, हे कुठल्याही बसस्टॉपवर पाच मिनिटं उभं राहून ताडून बघा.

मला कुठला रंग शोभेल? मी सावळा आहे.

सावळ्या माणसाला दुकानदार आणि नातेवाईक मिळून आयुष्यभर फिके रंग घालायला लावतात. कशासाठी, ते मला कळलेलं नाही. मोहरी, मरून, बाटली हिरवा, गडद जांभळा हे रंग सावळ्या वर्णावर जसे खुलतात तसे गोऱ्यावर खुलत नाहीत. पांढराशुभ्रही उत्तम दिसतो. जपायचं ते आपल्या त्वचेच्या जवळपासच्या रंगाला. गव्हाळ माणसानं बिस्किटी शर्ट घातला की चेहरा आणि शर्ट एकात एक मिसळून जातात.

रंग दुकानाच्या दिव्यात ठरवू नका. लक्ष्मी रोडवरचे जुने कापडवाले तागा उचलून दारात नेऊन दाखवायचे, आजही काही जण दाखवतात. दोन काळी कापडं ट्यूबलाइटमध्ये एकसारखी दिसतात आणि उन्हात त्यातलं एक तांबूस, दुसरं निळसर निघतं. दोन्हींचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतात आणि प्रकाश बदलला की ते वेगळे वागतात. काळ्या ब्लेझरवर वेगळी घेतलेली काळी पँट म्हणूनच बहुतेक वेळा फसते. त्याऐवजी ग्रे पँट घ्या, मग जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

सुती, लिनन की मिक्स? आणि शिवायचं असेल तर कापड किती घेऊ?

आधी मापाचं सांगतो. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, विचारल्याशिवाय मीटर सांगू नका. ५८ इंची पन्ह्यात मध्यम बांध्याच्या माणसाचा पूर्ण बाहीचा शर्ट १.६० मीटरमध्ये बसतो, पँट १.२० ते १.३० मीटरमध्ये. ३६ इंची पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन ते अडीच मीटर लागतात. चौकडा मोठा असेल तर थोडं जास्त घ्या. खिशावरचा आणि पुढच्या पट्टीवरचा चौकडा जुळवायला कापड वाया जातं, आणि न जुळवलेला चौकडा म्हणजे वाकडा भांग. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. ते आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर दोष शिंप्याच्या माथी येतो.

पुण्याच्या मार्च-एप्रिलला सुती आणि लिनन दोन्ही चांगली. लिनन जवसाच्या झाडाच्या धाग्याचं. हवा खेळती राहते, घाम लवकर वाळतो, पण घातल्यावर दहा मिनिटांत चुरगळतं. ज्यांना सुरकुती बघवत नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी सीअरसकर नावाचं एक कापड आहे, बारीक फुगवट्याच्या रेघांचं. एक रेघ सपाट, एक चुणीदार, त्यामुळे ते अंगाला चिकटत नाही आणि इस्त्रीही फारशी लागत नाही. नाव इंग्रजी वाटतं, पण मूळ फारसी: शीर-ओ-शक्कर, दूध आणि साखर.

रोज गाडी चालवत असाल तर पँटमध्ये थोडी लवचिकता हवी. लेबलवर २ टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, लिहिलेलं असलं तरी पुरे. त्याहून फार जास्त असेल तर गुडघ्यावर लवकर फुगा येतो. आणि अशा पँटवर कडक गरम इस्त्री फिरवू नका, ताण जातो.

जीन्स ऑफिसला चालते का?

गडद निळी, न फाटलेली, मांडीवर पांढरे पट्टे नसलेली चालते. वर शर्ट इस्त्रीचा हवा. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर तांब्याचे खिळे असतात ना, ती कल्पना जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची. मजुरांचे खिसे सारखे उसवतात म्हणून त्यानं ते मारले, आणि १८७३ साली लिव्हाय स्ट्रॉसबरोबर मिळून पेटंट घेतलं. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ‘डंगरी’ हा शब्द तर मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून गेलेला.

नवी गडद जीन्स पहिले काही आठवडे रंग सोडते. पांढरे स्नीकर आणि मित्राच्या गाडीची फिकी सीट यांच्यापासून तिला लांब ठेवा.

पँटची लांबी किती असावी?

बूट घालून उभं राहिल्यावर पुढे एक हलकी घडी पडावी, मागे टाच जिथे सुरू होते तिथपर्यंत यावी. बॉटम अरुंद असेल तर घडी न पडता बुटावर टेकलेलीही छान दिसते. माप द्यायला येताना चप्पल घालून येऊ नका, ज्या बुटावर घालणार तोच घाला. आणि पुन्हा, स्टुलावर बसा. गाडीवर बसल्यावर पँट दोन-तीन इंच वर जाते. मोजे आखूड असले की नडगी उघडी पडते. मोजे पँटच्या रंगाचे घ्या, म्हणजे पाय मध्येच तुटल्यासारखा दिसत नाही.

पोट लपवता येईल का?

नाही. वडिलांच्या काळात दुकानात पाटी होती: ‘माप देताना पोट आत घेऊ नये, ते नंतर बाहेर येतेच.’

पोट नीट सांभाळून घेता येतं मात्र. पँट पोटाखाली बांधली की पोट वरून ओघळतं आणि सीट खाली लोंबते. बेल्टपासून जांघेपर्यंतचं माप जास्त असलेली पँट घ्या आणि ती बेंबीच्या जरा खाली बांधा. पुढे एक-एक चुणी असलेली पँट पुन्हा मिळू लागली आहे, जाड मांड्यांना ती फार सोयीची. शर्ट घट्ट नको आणि तंबूही नको. बहुतेक लोक छातीच्या मापानं शर्ट घेतात, मग पोटावर बटणं ओढली जातात. पोटाच्या मापानं घ्या, छातीकडून आम्ही आत घेतो.

पँटची कंबर वाढवायची असेल तर मागच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, किती आहे ते उलटून बघा. शिंप्यानं शिवलेल्या पँटमध्ये बहुधा दीड-दोन इंच सुटतील एवढी माया असते. रेडिमेडवाले कापडात काटकसर करतात, तिथे बोटभरही निघत नाही. माया नसेल तर कुणाचाच इलाज नाही.

उंची कमी आहे. काही युक्ती?

पँट आणि शर्टाच्या रंगात फार मोठी तफावत ठेवू नका. शर्ट लांब नको. घोट्यावर दुमडलेली पँट नको. झालं.

ब्लेझर पहिल्यांदाच घेतोय. काय जपू?

खांद्याचं वर सांगितलंच आहे, ब्लेझरला ते दुप्पट लागू. त्याच्या खांद्यात गादी असते, ती उसवून लहान करणं म्हणजे घर पाडून बांधणं. हात खाली सोडल्यावर ब्लेझरच्या बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसायला हवा. दोन बटणांचा असेल तर फक्त वरचं लावा, तीन असतील तर मधलं. खालचं कधीच नाही. बसताना सगळी मोकळी.

घरी नेल्यावर एक काम करा. मागच्या चिरेवर पांढऱ्या किंवा काळ्या दोऱ्याची फुली मारलेली असते. ती कपडा प्रवासात विस्कटू नये म्हणून मारलेली असते, कापून टाका. मंगल कार्यालयात मी असे कितीतरी नवरदेव पाहिलेत, वरमाला गळ्यात आणि पाठीवर फुली. खिसेही कच्च्या टाक्यांनी बंद असतात, तेही उघडून घ्या. बाहीवर कंपनीची चिठ्ठी शिवलेली असेल तर तीही काढायचीच, ती दागिना नव्हे.

गाडीवर ब्लेझर घालून जाऊ नका. एक खांदा उलटा करा, दुसरा त्यात बसवा, अस्तर बाहेर येईल अशी उभी घडी घालून पिशवीत ठेवा. कार्यालयाच्या दारात घाला. थंडीच्या दिवसांत सकाळच्या गारठ्याला वरून साधं विंडचीटर चालतं, हेल्मेट घातलेल्या माणसाकडे कोणी फॅशन बघायला येत नाही.

पावसाळ्यात नीटनेटकं दिसणं शक्य आहे का?

निम्मं शक्य आहे. एका जुलैत चुलतभावाकडे मुंज होती. हौसेनं बदामी लिननची पँट घातली आणि गाडी काढली. कर्वे रोडवर पाऊस थांबला होता, पण रस्ता ओला होता. मागच्या चाकानं सीटपासून घोट्यापर्यंत चिखलाचा सरळ पट्टा काढला, फुटपट्टी लावल्यासारखा. बटूला आशीर्वादसुद्धा मी भिंतीला पाठ लावून दिला. जेवणाच्या पंगतीत वाढायला बोलावलं तेव्हा पाय दुखतोय म्हणून सांगितलं.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझ्याकडे फिक्या पँट कपाटातच राहतात. गडद रंग, टेरीकॉटसारखं मिक्स कापड लवकर वाळतं. जीन्स भिजली की दोन दिवस सुकत नाही आणि वास मारते. सुएडचे, म्हणजे मऊ लव असलेल्या चामड्याचे, बूट ठेवणीत टाका. ऑफिसात एक जोडी सुके मोजे ठेवा, त्याचं मोल भिजल्यावर कळतं.

लग्नाला झब्बा घालायचाय. खाली काय, वर काय, पायात काय?

झब्ब्याची लांबी गुडघ्यापर्यंत किंवा चार बोटं वर. त्याहून लांब घातला तर बुटका माणूस आणखी बुटका दिसतो. खाली लेंगा किंवा सरळ शिवलेली सुती पँट. जीन्सवर झब्बा हा कॉलेजचा आणि ढोल-ताशा पथकाचा वेष आहे, सकाळच्या मुहूर्ताला तो नको.

वर जाकीट घ्यायचं तर बाकी सगळं एकरंगी ठेवा. पैठणीच्या काठापदराचं जाकीट सध्या फार चालतं, बायकोच्या साडीशी जुळवून. छान दिसतं, पण मग झब्बा पांढरा किंवा मोतिया हवा, त्यावरही भरतकाम असलं की माणूस रुखवतातला वाटतो. माझी स्वतःची आवड विचाराल तर हिमरूचं जाकीट. छत्रपती संभाजीनगरचं हे सुती-रेशमी विणकाम पैठणीइतकं झळकत नाही, जवळ आल्यावर नक्षी दिसते. कापड निसटतं असतं, त्यामुळे शिंप्याला माया जरा जास्त सोडायला सांगा.

पायात कोल्हापुरी. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवलेली असते. नवी जोडी थेट लग्नात घालू नका, चावते. आठवडाभर आधी घरात तासभर घालून फिरा, पट्ट्यांना आतून खोबरेल किंवा एरंडेल लावा. पाण्यात मात्र न्यायची नाही, चामडं फुगतं.

पुणेरी पगडीलाही २००९ साली असंच मानांकन मिळालं आहे. नवरदेव, सत्कारमूर्ती आणि कीर्तनकार यांनी घालावी. पाहुण्यानं घातली तर सगळे हार घेऊन त्याच्याकडे वळतात.

विसर्जनाच्या मिरवणुकीत झब्ब्याला गुलाल लागला, काय करू?

ओला करू नका! आधी कोरडाच झटका, मऊ ब्रशनं उडवा, मग वाहत्या थंड पाण्याखाली उलट्या बाजूनं धरा, मग साबण. थेट बादलीत बुडवलात तर पांढरा झब्बा कायमचा गुलाबी होतो, आणि पुढच्या वर्षी पथकात तो चालत नाही.

पुण्यात कुठे काय घ्यावं?

कापड हवं तर रविवार पेठेतला कापडगंज, हाताशी वेळ घेऊन जा. लग्नाचं आणि घरातल्या सगळ्यांचं एकदम करायचं तर लक्ष्मी रोड, पण गाडी कुठल्या बाजूला लावायची ते तारीख बघून ठरवा. टी-शर्ट, रोजचे कपडे, घासाघीस करायची हौस असेल तर फर्ग्युसन रस्ता नाहीतर कॅम्पातली फॅशन स्ट्रीट. तिथे शिवणी उलटून बघा, टीप वाकडी असेल तर रंग कितीही आवडो, ठेवून द्या.

इस्त्री घरी करावी की इस्त्रीवाल्याकडे?

कुठेही, पण कॉलर टोकांकडून मध्याकडे दाबायला सांगा. मध्यापासून टोकाकडे नेली की सुरकुती टोकाला साचते आणि नेमकी तीच दिसते. लिनन किंचित ओलं असतानाच करावं. सुती झब्ब्याला थोडी खळ हवी, फार नको, नाहीतर बसल्यावर कागदासारखा मोडतो.

आल्टरेशनला किती दिवस आधी यावं?

एरवी दोन दिवस. गणपती, दसरा, दिवाळी आणि मे महिन्यातल्या लग्नतिथींच्या आधी पंधरा दिवस. परवा एकजण ब्लेझर घेऊन सकाळी नऊला आला, अकराला साखरपुडा होता. बाही आखूड करून दिली, पण बाहीवरची बटणं पुढच्या मंगळवारी लावली.

सुती कपडा एकदा धुऊन मगच आणा, आटायचं ते आटू दे. खिसे रिकामे करून आणा. बूट घालून या, आणि आलात की आधी स्टुलावर बसा, माप मी नंतर घेतो.